उघडायचं, फोडायचं नाही

सुट्टीतून परतायचा दिवस सुट्टीत धरायचा नसतो, हे सूनबाईंना लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत कळून चुकलं होतं. तो दिवस अप्पांचा. तळ्याकाठच्या भाड्याच्या बंगलीत आठ दिवस कुणी नऊला उठलं, कुणी अंघोळीला दांडी मारली, तरी सासरे चकार शब्द बोलले नव्हते. नवव्या दिवशी मात्र त्यांनी सहालाच सगळ्यांची पांघरुणं ओढली, आणि साडेपाचची शेवटची फेरीबोट गाठायची म्हणून साडेतीनलाच व्हॅन धक्क्यावर आणून उभी करायला लावली. रांगेत पहिला नंबर. पुढे लोखंडी साखळी, साखळीपलीकडे पाण्यात उतरणारा फरशीचा रस्ता, आणि मग नुसतं पाणी.

"बोट अजून पलीकडच्या काठालाच आहे, अप्पा," सूनबाईंचा नवरा, दादा, स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाला.

"पण आपण पहिले आहोत ना?"

"पहिलेच आहोत. एकटेच आहोत."

व्हॅन दुकानाची होती. बाजूला एक मोठी किल्ली रंगवलेली आणि तिच्याखाली अप्पांच्या वडिलांचं, म्हणजे भाऊंचं, वाक्य: 'आम्ही उघडतो, फोडत नाही.' किल्लीचा रंग पार विटला होता, पण वाक्य दर दोन वर्षांनी नव्याने रंगवलं जायचं. या घरात देवाची खोटी शपथ एक वेळ चालून गेली असती. पण गिऱ्हाइकाचं कुलूप हातोडीने तोडलं, तर भाऊ फोटोतून उतरून कानाखाली जाळ काढतील, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

सकाळपासून गाडीत एकच विषय चालला होता, पिशवीचा. उद्या दहा वाजता गावातल्या वाचनालयाची शंभरी साजरी होणार होती आणि तिथली चाळीस वर्षं बंद असलेली लोखंडी तिजोरी अप्पा सगळ्यांसमोर उघडणार होते. किल्ली कधीच हरवलेली, कुलूप खुद्द भाऊंच्या हातचं. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पत्रिका छापून झाल्या होत्या. प्रश्न एवढाच, की हत्यारांची चामडी पिशवी धरून अप्पांच्या शेजारी उभं कोण राहणार. पिशवी धरणाराच पुढे दुकान सांभाळणार, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. एके काळी भाऊंची पिशवी अप्पांनी धरली होती, आणि अप्पांचा सख्खा भाऊ तेव्हापासून छत्र्या विकत होता.

"तू इलेक्ट्रॉनिक कुलपं विकतोस, दादा," मागच्या सीटवरून त्याची धाकटी बहीण चिमी म्हणाली. चिमीची चाळिशी जवळ आली होती, तरी नाव काही वाढलं नव्हतं. "त्यांचे सेल संपले की तुझं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं."

"आणि तू मशीनवर किल्ल्या कापतेस. ते झेरॉक्स काढण्यासारखं आहे."

"निदान माझी झेरॉक्स कुलपात तरी जाते."

सूनबाई सकाळी निघताना नवऱ्याच्या पक्षात होत्या. दुपारी जेवायला थांबले तेव्हा नवऱ्याने, 'हिला कडी आणि कुलूप यातला फरक कळत नाही,' असा विनोद केला, आणि त्या जेवणानंतर पुढची सीट अप्पांना सोडून त्या नणंदेशेजारी जाऊन बसल्या. आता उकडलेली अंडी दोघींनी मिळून संपवली होती आणि दादासाठी टरफलं ठेवली होती.

"अप्पा, तुम्हीच काय ते सांगून टाका," चिमी म्हणाली.

"उद्याचं उद्या," अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्यांचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते.

पाय मोकळे करायला म्हणून सगळे उतरले. दादा तिकिटं काढायला गेला आणि किल्ली गाडीलाच ठेवून गेला, कारण अप्पांना रेडिओ ऐकायचा होता. चिमी आणि सूनबाई टपरीवर चहाला गेल्या. दादा-चिमीची आई कठड्याशी जाऊन पाणी बघत उभी राहिली. उतरताना प्रत्येकाने आपापल्या दाराचं बटण दाबलं, दार लावलं आणि एकदा ओढून पाहिलं. या घरात दार नुसतं लोटून ठेवायची पद्धत नव्हती. अंघोळीला जातानासुद्धा ही माणसं कपाटाला कुलूप लावत. सर्वांत शेवटी अप्पा उतरले. त्यांनीही बटण दाबलं, दार लावलं आणि ओढून पाहिलं.

दहा मिनिटांनी दादा तिकिटं घेऊन आला आणि हात पुढे करून उभा राहिला.

"काय?" अप्पा म्हणाले.

"किल्ली."

"तुझ्याकडे ना?"

दादाने काचेतून आत पाहिलं. किल्ली जागच्या जागी लटकत होती आणि रेडिओवर कुणीतरी शेतीविषयी सल्ला देत होतं.

व्हॅनच्या अकरा जादा किल्ल्या होत्या. नऊ दुकानातल्या खिळ्यावर, एक चामडी पिशवीत आणि एक चिमीच्या पर्समध्ये. पिशवी आणि पर्स गाडीत शेजारी शेजारी बसल्या होत्या.

पहिला अर्धा तास कुणाची चूक हे ठरवण्यात गेला. दादा म्हणाला, पर्स कुणी गाडीत ठेवतं का. चिमी म्हणाली, किल्ली कुणी गाडीत ठेवतं का. सूनबाई म्हणाल्या, आपण पिढीजात कुलूपवाले आहोत हे टपरीवाल्याला सांगू नका, त्याच्याकडून तार मागून आणते. तार आणली. चिमीने ती काचेच्या रबरातून खाली सोडली, जीभ बाहेर काढून वीस मिनिटं हलवली, आणि तार वाकून आतच राहिली. दादाने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात एक परदेशी माणूस टेनिसच्या चेंडूने गाडी उघडत होता. धक्क्यावर टेनिसचा चेंडू मिळाला नाही.

तोवर मागे वीस गाड्या लागल्या होत्या. पाच वाजता बोट काठाला लागली, साखळी खाली सोडली गेली आणि मागून भोंगे सुरू झाले. गळ्यात शिट्टी अडकवलेला बोटीवरचा माणूस पुढे आला. त्याने व्हॅनच्या बाजूचं वाक्य सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग बंद दाराकडे पाहिलं, मग या पाच जणांकडे.

"तुम्हीच का हे?" त्याने विचारलं.

"हो," चिमी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्याने हसू दाबायचा बराच प्रयत्न केला. "गिअर टाकलाय, ब्रेक लावलाय, म्हणजे ढकलताही यायची नाही. रस्ता एवढाच आहे, बाजूने दुसरी गाडी जायची नाही. हातोडी देतो, काच फोडा आणि चला."

"काच फोडायची नाही," चिमी.

"फोडायला हरकत नाही," दादा.

"दादा."

"अगं, काच म्हणजे कुलूप नव्हे. भाऊ कुलपांबद्दल बोलले होते."

"मला वाटतं फोडावी," सूनबाई म्हणाल्या, आणि दुपारच्या जेवणापासून टिकलेली नणंद-भावजय युती तिथेच मोडली. "उद्याचा कार्यक्रम महत्त्वाचा की काच?"

"पंधरा मिनिटं देतो," शिट्टीवाला म्हणाला. "नंतर फेरी रद्द. मागच्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. पुढची बोट सकाळी नऊला."

"अप्पा, तुम्ही एकदा बघा ना," चिमी म्हणाली. "तुमच्यापुढे काय आहे हे कुलूप. खिळासुद्धा चालेल तुम्हाला."

अप्पांनी वाकून कुलपाकडे पाहिलं, डोकं एकदा इकडून, एकदा तिकडून. हात खिशातच. "जुनं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "जुनी कुलपं हट्टी असतात. मी जरा विचार करतो." आणि धक्क्याच्या टोकाला जो बाक होता, तिकडे चालू लागले.

सगळं ठरवल्याप्रमाणे चाललं होतं आणि अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. किल्ली आत राहिली नव्हती, ठेवली होती. हात तीन वर्षांपूर्वी थरथरायला लागले, आधी उजवा, मग त्याच्या संगतीने डावा. ॲसिडिटीच्या नावाखाली त्यांनी चहा सोडला, कारण कप बशीवर वाजायचा. सह्या चिमी करायची, दाढी न्हावी करायचा, आणि हात खिशात घालून चालणं हा म्हातारपणचा रुबाब आहे असं गाव समजायचं. वाचनालयाने विचारलं तेव्हा ते हो म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. तेव्हापासून ते रोज काहीतरी घडावं म्हणून वाट बघत होते. वाचनालयाला आग लागावी इतपत त्यांची तयारी झाली होती. बोट चुकणं त्या मानाने फारच सभ्य होतं. नऊची बोट, पलीकडून तीन तासांचा रस्ता, म्हणजे दहाचा कार्यक्रम कुणालाही दोष न देता हुकला असता.

आई त्यांच्या शेजारी येऊन बसली. 

"किल्ली तुम्ही आत ठेवलीत," ती म्हणाली.

"राहिली गं."

"तीस वर्षं तुमच्या कामावर बॅटरी धरली मी. राहिलेलं कुठलं आणि ठेवलेलं कुठलं, हे मला दिसतं."

अप्पांनी हात खिशात आणखी खोल घातले.

"तुम्ही गेला नाहीत तर काय होईल माहीत आहे ना? वाचनालयाच्या अध्यक्षांनी ड्रिलवाला सांगून ठेवलाय. साडेदहाला भाऊंच्या कुलपाला भोक पाडतील."

"मग मी काय करू? दीडशे माणसांसमोर हे हात काढू?" त्यांनी एक हात खिशातून जेमतेम बाहेर काढला आणि परत आत घातला. "खुर्चीवर बसलेला एक जरी हसला ना, तरी संपलो मी."

"तुमच्या हातांनी व्हायचंच नाही. तीन वर्षांत एक तरी झालंय?"

एकही झालं नव्हतं. अवघड कुलपं ते 'विचार करायला' म्हणून घरी आणायचे. जेवणाची भांडी आवरली की आई ती टेबलावर घ्यायची आणि अप्पा तिच्या खांद्यावरून बॅटरी धरायचे. उजेड नाचायचा, पण तिला चालायचं. दुसऱ्या दिवशी अप्पा उघडलेलं कुलूप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. अप्पा आता हात न लावता नुसत्या विचाराने कुलूप उघडतात, अशी गावात ख्याती झाली होती. पहिल्या वर्षी आईला याचं हसू यायचं. दुसऱ्या वर्षी व्यापारी संघाने अप्पांना शाल दिली, आणि ती घडी करून कपाटात ठेवताना तिला पहिल्यांदा राग आला. तो राग अजून कपाटात शालीशेजारीच होता.

"मला ती तिजोरी उघडायची आहे," आई म्हणाली.

"तुला?"

"भाऊंच्या वहीतला त्या कुलपाचा नकाशा पाठ आहे मला. आत हत्याराला चकवणाऱ्या खोट्या वाटा तीन आहेत. तिसरी सगळ्यांना फसवते, मला नाही फसवायची." तिचा आवाज जराही चढला नाही. "तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला वाटलं, घरी येऊन मला विचारतील. नाही विचारलंत. मग वाटलं, सुट्टीत विचारतील. आठ दिवस तुमच्याबरोबर मासे बघितले मी. मला मासे आवडत नाहीत."

"अगं, सगळ्यांना कळेल."

"हो."

"मुलांना कळेल."

"ती गाडी मी एका मिनिटात उघडते. उघडू?"

अप्पांनी पाण्याकडे बघत मान हलवली. "नको," ते म्हणाले. "नको गं. एवढं एक ऐक."

एवढ्या वर्षांच्या संसारात ते तिच्याकडे असं काही मागायला आले नव्हते, म्हणून आई उठली नाही. ती बसून राहिली आणि तिला स्वतःचा संताप आला. त्यांचा आला, त्याहून जास्त.

तिकडे व्हॅनपाशी मतदान झालं होतं. तीनात दोन मतं हातोडीला पडली. शिट्टीवाल्याने हातोडी दिली, दादाने चार पावलं मागे जाऊन हात उगारला, आणि चिमी दोन्ही हात पसरून दारासमोर उभी राहिली. तिच्या मागे 'फोडत नाही' एवढीच अक्षरं दिसत होती. मागच्या वीस गाड्यांमधली माणसं उतरून बघायला आली होती.

आई उठली. अप्पांनी तिच्या पदराकडे पाहिलं, पण धरायला हात खिशाबाहेर काढावा लागला असता.

"बाजूला हो," तिने चिमीला सांगितलं. "आणि तू ती हातोडी त्यांची त्यांना दे, आणि आभार मान."

तिने आपल्या खांद्यावरच्या पर्समधून चष्म्याची डबी काढली. आता या वेळी चष्मा कशाला, असं सूनबाईंच्या मनात आलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सासूबाईंना चष्मा नव्हताच. तीन वर्षं ही डबी टेबलावर, उशाशी, देवळात, डॉक्टरांकडे सगळीकडे बरोबर असायची, आणि तीन वर्षांत एकाही माणसाने सासूबाईंच्या डोळ्यांवर चष्मा पाहिला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं. आपणही नाही, हे सूनबाईंना लागलं.

डबीत मखमलीच्या फडक्यात कुलूप उघडायचे पाच बारीक पोलादी आकडे होते, आणि एक पेन्सिलीएवढी बॅटरी. आई दाराशी गुडघ्यावर बसली. टपरीच्या छपराची सावली नेमकी कुलपावर पडली होती.

"आई, हे काय?" दादाने विचारलं.

"गप्प बस, मला ऐकू येत नाही."

तिने दोन आकडे कुलपात सरकवले. बॅटरी तोंडात धरायला म्हणून उचलली, तेवढ्यात वरून एक हात आला आणि बॅटरी घेऊन गेला.

अप्पांचा हात होता. भर उजेडात, वीस गाड्यांच्या लोकांसमोर, पोटच्या पोरांसमोर तो हात स्वेटरच्या बाहेर आला होता. बॅटरीचा ठिपका दारावर पडला, कुलपावरून किल्लीच्या चित्रावर गेला, वाक्यावर गेला, आईच्या बोटांवर आला, परत गेला. तो एका जागी राहत नव्हता. अप्पांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात मिळून हलायला लागले. चिमीने त्या ठिपक्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि तीन वर्षांच्या सह्या तिला एकदम आठवल्या.  दादा हातोडी हातात घेऊन तसाच उभा होता. शिट्टीवाल्याला काहीच माहीत नव्हतं, तरी त्यानेही भोंगे वाजवणाऱ्यांना हाताने गप्प केलं.

"जरा डावीकडे," आई खाली बघत म्हणाली.

"डावीकडेच आहे," अप्पा म्हणाले. "अधूनमधून."

आई हसली, आणि कुलूप उघडलं. रेडिओवरचा शेतीचा सल्ला मोठ्याने बाहेर आला.

बोटीवर गाडी चढली तेव्हा पुढच्या सीटवर आई बसली होती. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. अप्पा आपणहून मागे, दोघींच्या मधे जाऊन बसले होते.  सूनबाईंनी थर्मासमधला चहा कपात अर्धाच ओतला आणि अप्पांपुढे धरला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला. निम्मा स्वेटरवर गेला, निम्मा पोटात. 

"गोड आहे," अप्पा म्हणाले. "तीन वर्षांत साखर वाढवली काय तुम्ही?"

"म्हणजे ती सगळी कुलपं," दादाने शेजारी बसलेल्या आईकडे बघत सुरुवात केली, "त्या सोनाराचं, त्या दवाखान्याचं..."

"दवाखान्याचं सोपं होतं," आई म्हणाली. "सोनाराच्याला तीन दिवस लागले. तुम्ही दोघं तेव्हा दिवाणखान्यात बसून दुकान कुणाचं यावर भांडत होतात. मला जरा त्रास होत होता."

बोट सुटली. धक्का मागे राहिला, वीस गाड्या पाठोपाठ बोटीवर आल्या होत्या आणि त्यातली एक बाई काचेतून आईकडे बोट दाखवून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. आईने तिच्याकडे पाहून मान डोलावली.

पाणी निम्मं कापलं असेल नसेल, आणि या घराला जे जमतं तेच परत सुरू झालं.

"तरीसुद्धा," चिमी म्हणाली, "उद्या आईच्या शेजारी पिशवी मी धरणार. हातोडी तू उचलली होतीस."

"शिट्टीवाल्याने दिली म्हणून घेतली. मोठा मी आहे."

"वयाने."

"अहो, मीसुद्धा धरू शकते," सूनबाई म्हणाल्या. "मला कडी आणि कुलूप यातला फरक आज कळलाय."

अप्पांनी पायाशी असलेली चामडी पिशवी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली. आतली हत्यारं किणकिणायला लागली आणि किणकिणतच राहिली. ते त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"पिशवी मी धरणार," ते म्हणाले.

 आईने मागे वळून पाहिलं नाही. तिने आरसा जरासा स्वतःकडे वळवून घेतला, त्यात मागच्या सीटवरचा तो म्हातारा आणि त्याच्या मांडीवरची वाजणारी पिशवी दिसेल इतका, आणि बराच वेळ बघत राहिली.

"धरा," ती म्हणाली. "पण घरून पावणेदहाला निघायचं. त्याआधी मला कुणी उठवायचं नाही."